आजेसासूबाईंच्या आईचं नाव

माझ्या आजेसासूबाईंचं नाव घरात सगळ्यांच्या तोंडी आहे. माझ्या मुलीचं मधलं नावही तेच. पण आजेसासूबाईंच्या आईचं नाव काय, हे मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. खुद्द सासूबाईंनाही नाही. त्यांच्या आईनं ते नाव लेकीसमोर कधी घेतलंच नव्हतं, आणि लेकीनं ते विचारायचं नाही हे लहानपणीच ओळखलं होतं.

मी नाशिकची. नवरा आर्मेनियन-अमेरिकन, बोस्टनजवळच्या वॉटरटाउनमध्ये वाढलेला. या गावात माउंट ऑबर्न स्ट्रीटवर आजही आर्मेनियन बेकऱ्या आहेत, सकाळी लहमाजूनचा वास रस्त्यावर येतो, चर्चमध्ये आर्मेनियन भाषेत प्रार्थना होतात. इथं एवढे आर्मेनियन का, याचं उत्तर हुड रबर या कारखान्यात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनातोलियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, खेड्यांतून तरुण पुरुष इथं रबरी बूट बनवायला आले. चार पैसे साठवायचे, गावी परतायचं, घर बांधायचं, असा त्यांचा हिशेब होता. १९१५ मध्ये ऑटोमन तुर्कस्तानच्या सरकारनं आपल्या आर्मेनियन प्रजेचा वंशसंहार सुरू केला, आणि त्यानंतर परत जायला गावच उरलं नाही.

आमच्याकडे नाशिकला रामकुंडाजवळ तीर्थोपाध्यायांकडे वंशावळीच्या वह्या असतात. कुळाचं गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी लाल कापडात बांधलेली वही काढतात, आणि पणजोबा कोणत्या साली कुणाकुणाला घेऊन आले होते ते वाचून दाखवतात. मी लहान असताना काकांनी मला तिथं नेऊन खापरपणजोबांची सही दाखवली होती. त्यामुळे पणजीचं नाव माहीत नसणं ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरायलाच वेळ लागला. आर्मेनियन लोकांच्याही वह्या होत्या. प्रत्येक गावच्या चर्चमध्ये बारशाच्या, लग्नाच्या, मृत्यूच्या नोंदी ठेवल्या जात. गावं रिकामी झाली तेव्हा चर्चही गेली आणि बहुतेक ठिकाणी नोंदवह्याही गेल्या. माणसं मारली गेली आणि ती माणसं होती याचा दाखलाही त्यांच्यासोबत नाहीसा झाला. हे शोधकाम मी हाती घेतलं ते एवढ्यासाठी. वंशसंहार झाला की नाही हे मला सिद्ध करायचं नव्हतं. ते इतिहासकारांनी केव्हाच केलं आहे, तुर्कस्तान सरकार आजही नाकारत असलं तरी. मला एका बाईचं नाव हवं होतं.

सुरुवात सासूबाईंपासून केली. बैठकीच्या खोलीत समोर फोन ठेवून विचारलं की त्या दोन वाक्यांत गप्प व्हायच्या. स्वयंपाकघरात द्राक्षाच्या पानांत भात भरून गुंडाळ्या करताना मात्र बोलायच्या, कारण तेव्हा त्यांना माझ्याकडे बघावं लागत नसे. आपल्या घरातलं असं काही कुणाला शोधायचं असेल तर एवढंच सांगेन, हाताला काम असताना विचारा. महिनाभरात जे जमलं ते मोजकं होतं. गावाचं नाव हुसेनिक. आई चालत आली होती, खूप चालत. आणि तिला एक मोठी बहीण होती, जी ‘रस्त्यात राहिली’. हे शेवटचे शब्द सासूबाईंच्या आईचे होते आणि सगळ्यांनी त्यांचा अर्थ मेली असाच घेतला होता.

हुसेनिक हे खारपेर्तच्या पायथ्याचं गाव. डोंगरावर किल्ला आणि खारपेर्त शहर, खाली मैदानात मेझ्रे, मध्ये उतारावर हुसेनिक. आज खारपेर्तला हार्पुत म्हणतात, मेझ्रेचं एलाझिग झालं आहे आणि हुसेनिक त्या शहरात मिसळून गेलं आहे. खारपेर्तमध्ये अमेरिकन मिशनऱ्यांचं युफ्रेटिस कॉलेज होतं, मेझ्रेत अमेरिकन वाणिज्य दूतावास होता, आणि म्हणूनच इथं काय घडलं याचे परक्या साक्षीदारांनी लिहिलेले पुरावे भरपूर आहेत. २४ एप्रिल १९१५ ला इस्तंबूलमध्ये आर्मेनियन लेखक, वकील, पुढारी यांना अटक झाली. खारपेर्तमध्ये जूनमध्ये प्राध्यापक, व्यापारी, गावागावांतले कर्ते पुरुष धरले गेले आणि शहराबाहेर नेऊन मारले गेले. मग दवंडी पिटली गेली, आणि जुलैपासून बायका, मुलं, म्हातारे यांचे तांडे दक्षिणेला, सीरियाच्या वाळवंटाकडे हाकलले गेले. अमेरिकन वाणिज्यदूत लेस्ली डेव्हिस त्या वर्षी घोड्यावरून जवळच्या गोलजुक सरोवराच्या काठाकाठानं फिरला आणि तिथल्या दऱ्यांत हजारो प्रेतं पाहून आला. त्यानं या प्रांताला कत्तलखाना म्हटलं. त्याचे अहवाल मी रात्री मुलगी झोपल्यावर वाचायचे. सलग वाचवत नसत. ऑटोमन साम्राज्यभरात किती माणसं मेली याचे अंदाज वेगवेगळे असले तरी बहुतेक अभ्यासक दहा लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त सांगतात. आर्मेनियन लोक पंधरा लाख म्हणतात.

आजेसासूबाई तेव्हा आठ वर्षांच्या असाव्यात. ‘असाव्यात’ म्हणायचं कारण, त्यांच्या कागदांवर तीन वेगवेगळी जन्मसालं आहेत. अनाथालयात मुलांची वयं चेहरा पाहून लिहिली जात.

मग कागदांच्या मागे लागले. अमेरिकेत आलेल्या पूर्वजांचा शोध म्हटलं की सगळे एलिस आयलंडकडे बोट दाखवतात. न्यूयॉर्कच्या त्या नोंदी मी नावाच्या सगळ्या रूपांनी धुंडाळल्या. पश्चिम आर्मेनियन उच्चार एक, पूर्व आर्मेनियन दुसरा, फ्रेंच कारकुनाचं स्पेलिंग तिसरं, अमेरिकन कारकुनाचं चौथं. हागोप म्हणजेच हाकोब, गाराबेद म्हणजेच कारापेत, हे डोक्यात बसल्याशिवाय आर्मेनियन यादीत माणूस सापडत नाही. तरीही आजेसासूबाई सापडल्या नाहीत. इथल्या आर्मेनियन ग्रंथालयातल्या एका जाणत्या बाईंनी विचारलं, “मार्सेयहून आल्या ना? मग प्रॉव्हिडन्स पाहिलंत का?” फाब्र नावाच्या फ्रेंच कंपनीच्या बोटी मार्सेयहून थेट ऱ्होड आयलंडच्या प्रॉव्हिडन्स बंदरात येत असत. पोर्तुगीज, इटालियन, आर्मेनियन असे हजारो लोक त्या मार्गानं आले. तिथल्या याद्यांत त्या होत्या. १९२७. वंश: आर्मेनियन. जन्मदेश: तुर्कस्तान. मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता या रकान्यात नातेवाईक नव्हताच. तिथं लेबननमधल्या गझीरच्या अनाथालयाचा पत्ता होता.

गझीरविषयी थोडं थांबून सांगायला हवं. पहिल्या महायुद्धानंतर नियर ईस्ट रिलीफ या अमेरिकन संस्थेनं एक लाख तीस हजारांच्या वर अनाथ मुलं सांभाळली. त्यातल्या मुलींसाठी गझीरला गालिचे विणण्याची कार्यशाळा होती. याकोब क्युन्झलर नावाचा एक स्विस माणूस ती चालवायचा. तिथल्या चारशे मुलींनी अठरा महिने खपून एक प्रचंड गालिचा विणला, चव्वेचाळीस लाखांच्या वर गाठींचा, आणि १९२५ मध्ये तो अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट दिला गेला. त्यावर झाडं, पक्षी आणि प्राणी विणलेले आहेत. त्या चारशेंत आपली आई होती असं सासूबाई ठामपणे सांगतात. अनाथालयातला एक फोटो आमच्याकडे आहे. मागासमोर बाकावर बसलेल्या मुली, सगळ्यांचे केस कापलेले, सगळ्यांचे कपडे सारखे. त्यांतली आपली कोणती हे सासूबाई बोट ठेवून दाखवतात, आणि दरवेळी त्याच मुलीवर.

गझीरहून मार्सेयला त्या लग्नासाठी गेल्या. नवरा हुसेनिकचाच, वयानं सतरा वर्षांनी मोठा, १९१२ पासून हुड रबरमध्ये कामाला. दोघांनी एकमेकांचा फक्त फोटो पाहिलेला. तेव्हा असंच चालायचं. इकडे कारखान्यांत एकटे पडलेले पुरुष, तिकडे अनाथालयांत वयात आलेल्या मुली, आणि मध्ये फोटो घेऊन फिरणारी ओळखीची माणसं. १९२४ च्या कायद्यानं तुर्कस्तानातून येणाऱ्यांना वर्षाला शंभरच जागा ठेवल्या होत्या. पण अमेरिकन नागरिकाच्या बायकोला ती मर्यादा लागू नव्हती. म्हणून आधी नवऱ्यानं नागरिकत्व घ्यायचं, मग मार्सेयला किंवा हवानाला जाऊन लग्न करायचं आणि बायकोला घेऊन यायचं.

त्यांच्या नवऱ्याच्या नागरिकत्वाच्या अर्जाशी मी बराच वेळ अडले. त्यात त्यांनी तुर्कस्तानवरची निष्ठा सोडत असल्याची शपथ घेतली आहे. ज्या राजवटीनं त्यांचे आईवडील मारले तिच्यावरची निष्ठा. शिवाय तेव्हाच्या कायद्याप्रमाणे बाहेरून आलेल्याला नागरिक व्हायला गोरं किंवा आफ्रिकी वंशाचं असणं आवश्यक होतं. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड यांना, भारतीय माणूस कायद्याच्या दृष्टीनं गोरा नाही, म्हणून नागरिकत्व नाकारलं. १९२५ मध्ये ओरेगनच्या न्यायालयात कार्तोझियान नावाच्या आर्मेनियन व्यापाऱ्याचा खटला उभा राहिला आणि तिथं आर्मेनियन लोक गोरे ठरले. तो निकाल उलटा लागला असता तर आजेसासूबाईंना इथं येणं जवळजवळ अशक्य झालं असतं. माझं नागरिकत्व आणि माझ्या नवऱ्याचं असणं, दोन्ही त्याच एका शब्दाच्या दोन बाजूंना टांगलेलं होतं हे कळल्यावर मी तो अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला.

नाव सापडलं ते अगदी रुक्ष कागदात. अमेरिकेत १९३६ च्या अखेरीपासून कामगारांना सोशल सिक्युरिटीचा क्रमांक मिळू लागला. त्यासाठीच्या अर्जात वडिलांचं पूर्ण नाव आणि आईचं लग्नापूर्वीचं पूर्ण नाव भरावं लागे. मृत व्यक्तीच्या त्या मूळ अर्जाची प्रत शुल्क भरून मागवता येते. आर्मेनियन असोत की आणखी कुणी, ज्यांच्या गावाकडच्या नोंदी नष्ट झाल्या आहेत त्यांनी हा अर्ज जरूर मागवावा. आजेसासूबाईंनी हुड रबरमध्ये काम धरलं तेव्हा तो भरला होता. ज्या बाईनं पोटच्या मुलीला आईचं नाव सांगितलं नाही, तिनं ते कारखान्यातल्या कुणा कारकुनाला सांगितलं होतं, कारण त्याशिवाय क्रमांक मिळाला नसता.

पाकीट आलं त्या दिवशी मी ते उघडून सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, नाव वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. मग कारकुनानं चुकवलेला उच्चार सुधारून पुन्हा म्हटलं आणि म्हणाल्या, “हे तर माझ्या बाहुलीचं नाव.” लहानपणी त्यांना आईनं कापडाची बाहुली करून दिली होती आणि तिचं नावही आईनंच ठेवलं होतं. इतकी वर्षं ते नाव त्यांना माहीत होतं. कुणाचं ते तेवढं माहीत नव्हतं. ते नाव मी इथे लिहीत नाही. सासूबाईंची तशी इच्छा आहे, आणि पुढे जे सापडलं त्यात आणखी एका कुटुंबाचा प्रश्न आहे.

त्यानंतर सासूबाईंनी स्वतःहून शिलाई मशीनच्या खणातून एक पत्र काढून दिलं. आईच्या मृत्यूनंतर ते सापडलं होतं. अक्षरं आर्मेनियन, पण कुणालाच वाचता येत नाही, म्हणून ठेवून दिलेलं. मी ते आर्मेनियन उत्तम येणाऱ्या दोघांना दाखवलं. अक्षर न अक्षर त्यांना लागत होतं, वाक्य मात्र एकही लागेना. चर्चच्या हॉलमध्ये कॉफी पिताना त्यांतले एक गृहस्थ ते हळूहळू मोठ्यानं वाचत होते आणि शेजारच्या टेबलावरचे, इस्तंबूलमध्ये वाढलेले एक आजोबा कप खाली ठेवून म्हणाले, “पुन्हा वाच.” पत्र तुर्की भाषेत होतं, आर्मेनियन लिपीत लिहिलेलं. त्या काळी हजारो आर्मेनियन लोक असंच लिहायचे. घरात तुर्की बोलायचे आणि लिपी मात्र शाळेत शिकलेली आपली. मग एकानं वाचायचं, दुसऱ्यानं ऐकून इंग्रजीत सांगायचं आणि मी लिहून घ्यायचं, असं तासभर चाललं. आजूबाजूच्या टेबलांवरचं बोलणं हळूहळू थांबलं होतं.

पत्र १९२८ चं, अलेप्पोहून आलेलं. लिहिणारा हुसेनिकचा, नुकताच तुर्कस्तानातून सीमा ओलांडून आलेला. आर्मेनियन वर्तमानपत्रांत तेव्हा ‘शोध’ म्हणून जाहिराती यायच्या. अमक्याचा मुलगा, तमक्या गावचा, आपल्या बहिणीला शोधतो आहे, कुणाला माहिती असल्यास कळवावं. आजेसासूबाईंच्या नवऱ्यानं बोस्टनच्या ‘हाइरेनिक’मध्ये अशी जाहिरात दिली होती आणि फिरत फिरत तो अंक अलेप्पोच्या निर्वासित छावणीत पोचला होता. पत्रात लिहिलं होतं, तुझी बहीण जिवंत आहे. विरानशेहिरच्या बाजूला एका कुर्द घरात दिली गेली. दोन मुलं आहेत. मी तिला म्हटलं, चल, अलेप्पोला आपली माणसं आहेत. ती म्हणाली, मुलांना टाकून कशी येऊ? तिला तुझा एक फोटो हवा आहे.

‘रस्त्यात राहिली’ याचा अर्थ हा होता.

हे ऐकून सासूबाई चिडल्या. आईवर नाही, मावशीवर. मुलांना घेऊन का नाही आली, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. मी काही बोलले नाही. पण मला वाटलं, ती नंतर तरी आली असेल. म्हणून मी अलेप्पोच्या नोंदी वाचायला घेतल्या.

कारेन येप्पे या डॅनिश बाईंनी राष्ट्रसंघाच्या वतीनं अलेप्पोत एक आश्रयगृह चालवलं. वाळवंटातल्या घरांतून, तंबूंतून पळून आलेल्या किंवा सोडवून आणलेल्या आर्मेनियन मुली, बायका, मुलगे तिथं येत. आलेल्या प्रत्येकाची नोंद होई: फोटो, नाव, आईवडिलांची नावं, गाव, आणि काय घडलं याच्या चार ओळी. १९२२ ते १९३० मधल्या अशा सुमारे सतराशे नोंदी जिनेव्हाच्या अभिलेखागारात जपलेल्या आहेत आणि आता पडद्यावर पाहता येतात. मी एका बाईला शोधत होते, पण चेहऱ्यांवरून घाईनं पुढे जाणं जमेना. कुणाच्या हनुवटीवर, ओठाखाली, हातांवर निळं गोंदण. ज्या टोळीत राहिल्या तिथलं. कुणाला गावाचं नाव आठवतं पण आईचं नाही, कुणाला आपलं नावसुद्धा दुसऱ्यांनी सांगितलेलं. दहा वर्षांनी आर्मेनियन विसरलेल्या मुली. चार ओळींमध्ये सगळं: बाप आधी नेला, आई रस्त्यात मेली, मला अमक्यानं उचललं, इतकी वर्षं राहिले, इथं घर आहे असं ऐकलं आणि रात्री निघाले. मी शेवटच्या नोंदीपर्यंत वाचलं. सासूबाईंची मावशी त्यांत नव्हती. ती आली नव्हती. त्या नोंदी वाचल्यावर सासूबाईंचा राग मला आणखी समजला आणि मावशीचं न येणंही. आश्रयगृहात येणाऱ्या कितीतरी बायकांना मुलं मागे ठेवूनच यावं लागलं होतं.

या वाचनात एक गोष्ट अशी भेटली की मी साताऱ्याला आईच्या माहेरी फोन केला. आजेसासूबाईंच्या तांड्यासारखे अनेक तांडे रास-अल-ऐन या ठिकाणी पोचले. तिथं बगदाद रेल्वेचं काम चालू होतं आणि वाळवंटात आर्मेनियन लोकांची छावणी होती. १९१६ च्या वसंतात ती रिकामी करून हजारोंना मारलं गेलं. त्याच वर्षी २९ एप्रिलला इराकमधल्या कुतला ब्रिटिशांची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांना शरण गेली. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. त्या कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं आणि हिंदी शिपायांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपलं. म्हणजे सातारा-रत्नागिरीकडची पोरं त्याच वाळवंटात, काही महिन्यांच्याच अंतरानं होती. आमच्या आजोळच्या गावात, या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले आणि त्यांतले इतके कामी आले, असं कोरलेला दगड आहे. लहानपणी आम्ही त्याला टेकून बसायचो. मामाला म्हटलं, त्या दगडाचा नीट फोटो काढून पाठव.

मावशीपर्यंत पोचायला कागद संपले होते. उरली होती ती लाळेवरून होणारी डीएनए चाचणी. सासूबाईंना ती नको होती. आमचं रक्त कंपनीला कशाला द्यायचं, असं त्या म्हणायच्या, आणि ज्या लोकांच्या याद्या करून त्यांना मारलं गेलं त्यांच्या मुलीनं असं म्हणणं मला पूर्ण पटत होतं. मी आग्रह धरला नाही. पत्र वाचून झाल्यावर बऱ्याच दिवसांनी त्यांनीच विचारलं, “ती नळी कुठे मिळते?”

निकालात लांबचे नातेवाईक पुष्कळ आले, फ्रेस्नोचे, ब्युनोस आयर्सचे, ल्योंचे. सगळी आडनावं आर्मेनियन. वरून तिसरी बाई मात्र जर्मनीतली, मुसलमान नावाची, आणि जुळणी चारशे सेंटिमॉर्गनच्या (डीएनए किती जुळतं याचं माप) वर. म्हणजे मावसभावाची मुलगी असावी इतकी. मी तिला तीन ओळींचा निरोप लिहिला. त्यात वंशसंहार हा शब्द नव्हता, आर्मेनियन हा शब्दही नव्हता. एवढंच विचारलं, की तुमच्या आजी किंवा आजोबांपैकी कुणी विरानशेहिरजवळचं होतं का. तिला काय माहीत असेल आणि घरात काय चालत असेल हे ठाऊक नसताना तिच्या दारात एवढं मोठं ओझं टाकायचा अधिकार मला नाही, असं मला वाटलं. अशा जुळणीला लिहिताना हे भान ठेवलंच पाहिजे. तुर्कस्तानात आजही कुणाला आपली आजी आर्मेनियन होती हे बोलणं जड जातं. पत्रकार ह्रांत दिंक यांनी हे विषय उघडपणे मांडले आणि २००७ मध्ये इस्तंबूलमध्ये भर रस्त्यात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या.

तिचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं आणि ते लांबलचक होतं. तिला अंदाज होता. २०१८ च्या फेब्रुवारीत तुर्कस्तान सरकारनं वंशावळीच्या नोंदी इंटरनेटवर खुल्या केल्या तेव्हा इतके लोक तुटून पडले की यंत्रणा काही तासांत बंद पडली. पुन्हा सुरू झाल्यावर तिनंही आपली वंशावळ काढली होती. आजोबांच्या बाजूला चार पिढ्या नीट. आजीच्या बाजूला बापाचं नाव अब्दुल्ला, आणि त्यामागे काहीच नाही. धर्म बदललेल्यांच्या बापाचं नाव असंच लिहिलं जायचं. शिवाय आजी विणताना टाके मोजायची ते घरातल्या कुणाच्याच भाषेत नसायचं. लहानपणी तिला वाटायचं की तो आजीचा मंत्र आहे. तिनं तो जर्मन अक्षरांत लिहून पाठवला होता. मी सासूबाईंना वाचून दाखवला: मेग, येर्गू, येरेक, चोर्स. सासूबाईंनी पुढचं म्हटलं: हिंक, वेत्स.

व्हिडिओवर त्या दोघी पहिल्यांदा बोलल्या तेव्हा दुभाषे आम्हीच, एकीकडे माझा नवरा, दुसरीकडे तिचा मुलगा. सासूबाईंनी राग काढला नाही. त्यांनी विचारलं की तिला कुणी त्रास दिला का. जर्मनीतून उत्तर आलं की आजोबा चांगले होते, सासू कडक होती, आणि लग्न झालं तेव्हा आजी चौदा वर्षांची होती. यापैकी काहीच लपवायचं नाही असं त्या बाईनं ठरवलेलं दिसलं आणि मला तिचा फार आदर वाटला.

मग चर्चचा प्रश्न आला. २३ एप्रिल २०१५ ला आर्मेनियातल्या एचमियाद्झिनमध्ये आर्मेनियन चर्चनं वंशसंहारात मेलेल्या सगळ्यांना संत म्हणून जाहीर केलं. संतांच्या आत्म्याच्या शांतीसाठी प्रार्थना करत नाहीत; त्यांनीच आपल्यासाठी प्रार्थना करावी असं मागतात. त्यामुळे सासूबाईंची आजी, जिचं नाव आत्ता कुठे मिळालं, ती संत. पण मावशी जगली, मुसलमान म्हणून जगली आणि म्हातारी होऊन मेली. तिच्यासाठी होकेहांकिस्द, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, करता येईल का? माझ्या आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, विचारत काय बसलात? तिथी माहीत नाही तर सर्वपित्रीला करतात, कुणाचं राहू नये म्हणूनच ती अमावास्या आहे.” सासूबाईंनी आधी जर्मनीला विचारलं, कारण मावशीवर आधी त्या लोकांचा हक्क. तिकडून उत्तर आलं: आम्ही आमच्या पद्धतीनं दरवर्षी वाचतो, तुम्ही तुमच्या पद्धतीनं करा. फादरनी फार चर्चा केली नाही. बाप्तिस्मा झाला होता ना, एवढंच विचारलं. हुसेनिकमध्ये जन्मली म्हणजे झालाच असणार. एका रविवारी दोन्ही बहिणींची नावं एकापाठोपाठ वाचली गेली.

आता एक काम बाकी आहे. मावशीचा मुलगा, म्हणजे सासूबाईंचा मावसभाऊ, अजून आहे. नव्वदी ओलांडलेला, विरानशेहिरजवळच्या गावात. त्याला यातलं काहीच सांगितलेलं नाही. त्याची जर्मनीतली मुलगी उन्हाळ्यात गावी गेली की समोर बसून सांगणार आहे, फोनवर नाही. तिनं आमच्याकडे आजेसासूबाईंचा एक फोटो मागितला. मी गझीरचा, मागासमोरचा फोटो काढून ठेवला होता. सासूबाईंनी तो बाजूला सारला. अनाथालयातली नको, म्हणाल्या. त्यांनी निवडला तो १९६० च्या दशकातल्या चर्चच्या सहलीचा: आजेसासूबाई साठीच्या, भरलेल्या अंगाच्या, एका हातात कबाबची सळी, तोंड उघडं, कुणाला तरी जोरात हाक मारताना. मोठ्या आकारात छापून टपालानं पाठवायचा, फोनवर नको, म्हाताऱ्या माणसाला हातात धरता यायला हवा, असं त्यांनी मला दोनदा बजावलं. फोटो गेल्या आठवड्यात गेला.